संबंध नसल्याचा दाखला

माझा धंदा अर्ज भरण्याचा. बोरजाईवाडीच्या एस.टी. स्टँडसमोर माझं दुकान आहे: झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि सर्व प्रकारचे शासकीय दाखले. शाळा सातवीला सुटली. पुढचं शिक्षण रकान्यांनी केलं. कुठल्या रकान्यात खरं लिहायचं, कुठल्यात रेघ मारायची आणि कुठल्यात 'वरीलप्रमाणे' म्हणायचं, हे मी झोपेतही सांगेन. गेल्या अकरा वर्षांत मी भरलेला एकही अर्ज त्रुटी काढून परत आलेला नाही. हे मिरवायला सांगत नाही. पुढे जे झालं त्याची जबाबदारी निश्चित करताना उपयोगी पडावं म्हणून सांगते.

आमच्या गावचे श्री. केरबा ज्ञानू लोखंडे, वय अठ्ठेचाळीस, व्यवसाय हलगीवादन, हे गेले चौदा महिने तुरुंगात आहेत. त्यांच्यावर खटला चालू आहे असं म्हणता येत नाही, कारण तो अजून चालू झालेला नाही. प्रकरण साधं आहे. ऊसतोडीला आलेल्या मजुरांच्या खोपटांना तीन दिवसांतून एकदा पाण्याचा टँकर यायचा. एके दिवशी तो आला, खोपटांसमोरून तसाच पुढे गेला आणि शाळेच्या मैदानावर रिकामा झाला. तिथे दुपारी एका मान्यवरांचं हेलिकॉप्टर उतरायचं होतं आणि मान्यवरांना धूळ सोसत नव्हती. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या त्या उभ्याच राहिल्या. संध्याकाळी केरबानं पाचटाच्या जाळावर हलगी तापवली आणि दोन ओळी म्हटल्या:

टँकर आला, टँकर गेला,
धूळ न्हाली गं, माणूस कोरडा.

पंचनाम्यात नोंद आहे: 'हलगीच्या आवाजाने जमाव जमला व जमावास आपण तहानलेले असल्याची जाणीव झाली.' ही जाणीव करून देणं कायद्याच्या कुठल्याशा कलमात बसत होतं. केरबालाही त्याच कलमात बसवलं.

केस सांगलीच्या समीना वकीलबाई बघतात. केरबासारखी तारखेविना आत बसलेली आणखी सात माणसं त्यांच्याकडे आहेत. एकदा दुकानात येऊन त्या म्हणाल्या, "राजाक्का, कायद्याचं मी बघते. पण माणसाचं नाव लोकांच्या तोंडातनं गेलं की तारखेच्या यादीतनंही जातं. हे नाव तोंडात राहायला पाहिजे."

त्यावरून आमच्या महिला भजनी मंडळानं गाण्यांचा अल्बम काढायचं ठरवलं. नऊ गाणी. जे काही मिळेल ते या आठ जणांच्या कोर्टकामाला. नाव ठेवलं 'केरबाची हलगी'. गाणार मनुबाई, म्हणजे केरबाची बायको. तिचा आवाज असा की ती जात्यावर बसली तर दळायला आलेल्या बाया पीठ विसरून जातात.

अडचण एकच होती. मनुबाईनं लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलेलं नव्हतं. एकदा घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, ते पण सासूनं दंडाला चिमटा काढल्यावर. एरवी "आमचं ते". रेशनकार्डाच्या वेळी मी विचारलं, नवऱ्याचं नाव? तर तिनं भिंतीवरच्या हलगीकडे बोट केलं होतं.

"मनुबाई, अगं त्याच्याच नावाचा अल्बम आहे. नाव घ्यायला लागंल."

"तुमी बाया घ्या की कोरसात. मी वरनं आलाप लावते."

असं ठरलं. ज्या नवऱ्यासाठी गाणार त्याचं नाव चाळीस वेळा कोरसात आणि बायको वरून आलाप लावणार.

ध्वनिमुद्रण मिरजेला झालं, रहिमानचाचांच्या दुकानामागच्या खोलीत. रहिमानचाचा सतार-तंबोरे बनवतात. त्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत तंबोऱ्यांचे वाळलेले भोपळे टांगलेले होते, त्यामुळे आवाज घुमत नाही म्हणे. आम्ही अकरा बायका भोपळ्यांच्या मधून डोकी काढून गायलो. चाचांनी मेहनताना घेतला नाही, एवढंच म्हणाले, "बहेनजी, हलगी ऐकून माझे भोपळे थरथरले. चाळीस वरसांत पैली बार."

आता शासकीय भाग.

साताऱ्याला ध्वनी पूर्वपरीक्षण कक्ष नावाचं कार्यालय नुकतंच निघालं होतं. चारांहून अधिक माणसं ऐकतील असं गाणं विकण्यापूर्वी तिथला दाखला लागतो. पूर्वी त्या इमारतीत जनावरांचा दवाखाना होता. दारातला लोखंडी खोडा तेवढा काढायचा राहिला होता. इंजेक्शन देताना म्हैस त्यात अडकवायचे. आता अर्जदारांची रांग त्यातून जाते. मनुबाई आणि मी त्यातून आत गेलो.

अधिकारी विश्वजित साहेब. वय तिशीचं, बोलणं मऊ. सगळी नऊ गाणी त्यांनी डोळे मिटून ऐकली. तिसऱ्या गाण्याला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझी आजी अशाच ओव्या म्हणायची हो," ते म्हणाले, रुमालानं डोळे टिपले आणि लाल पेन उघडलं.

"'धूळ न्हाली, माणूस कोरडा.' यात धुळीला लाभार्थी दाखवलंय. धूळ कुठल्याही योजनेत पात्र नाही."

"मग काय करायचं, साहेब?"

"धूळ काढा. माणूसही काढा. कोरडा ठेवायला हरकत नाही, ते हवामान झालं. आणि पाणी हा शब्द सहा वेळा आलाय. पाणीपुरवठ्याचं ना-हरकत लागेल."

ते मी आठवड्यात आणलं. त्यात लिहिलं होतं: 'सदर वस्तीस पाणीपुरवठा होत नसल्याने पाण्याबाबत या कार्यालयाची हरकत नाही.'

मग पाळणा आला. 'दार वाजलं तर उठू नको, राजा.'

"दार कुणी वाजवलं याचा खुलासा नाही," साहेब म्हणाले.

"वारं, साहेब," मनुबाई म्हणाली.

"मग वाऱ्याचं नाव घाला. संदिग्धता नको."

घातलं. हलगीवर मात्र साहेब अडले. हे जमाव जमवणारं वाद्य, आणि त्यातून ते प्रकरणातला मुद्देमाल. तिच्याऐवजी चाचांचा तंबोरा चालेल का म्हणून विचारलं. साहेबांनी बराच विचार केला. "तंबोरा एकच सूर धरून बसतो, सोडत नाही. तसं बघता हे आक्षेपार्ह आहे. पण बसून वाजतो. मंजूर."

शेवटी नावाचा प्रश्न. केरबा हे नाव नऊ गाण्यांत मिळून चाळीस वेळा येत होतं. ती चाळीसही ठिकाणं साहेबांनी हातानं, रात्रीच्या जेवणाआधी, लाल केली. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे नाव घेता येणार नाही. त्याऐवजी 'सदर इसम' म्हणावं.

समीनाबाईंचं वाक्य कानात होतं. नाव तोंडात राहण्यासाठी केलेल्या अल्बममधून नावच गेलं, तर उरलं काय? वारं आणि तंबोरा. पण मनुबाई शांत.

"मला काय, राजाक्का. आजवर 'आमचं ते' म्हणत हुते. आता 'सदर इसम' म्हणीन. उलट सोपं झालं. कोरसात नाव न्हाई म्हंजी आता मलाबी सगळं गाता येईल."

आणि तिनं ते गायलं. ओवीच्या चालीवर, पदर सावरत: 'सदर इसम गं माझा, सदर इसम...' रहिमानचाचांनी तोंड फिरवलं. भोपळे या वेळी थरथरले नाहीत. अल्बमचं नाव 'वाद्य' असं झालं.

दाखला घ्यायला गेलो तर लिपिक भाऊसो म्हणाले, "एक परिशिष्ट राहिलंय, ताई." छापील मजकूर होता. सिनेमात सिगारेटच्या प्रसंगाआधी जशी सूचना येते, तशी प्रत्येक गाण्याआधी ही द्यायची: 'सदर गीत, त्याचे गायक, वादक व त्यांचे कुटुंबीय यांचा श्री. (पूर्ण नाव) यांच्याशी कोणत्याही प्रकारचा संबंध नाही.' खाली प्रतिज्ञापत्र. मी तिथेच खोड्याच्या नळीवर कागद टेकवून भरलं. कंसात लिहिलं: केरबा ज्ञानू लोखंडे. 'कुटुंबीय' हा शब्द मी वाचला होता. पण शेवटची एस.टी. सव्वापाचला होती, आणि छापील मजकुरावर कुणी विचार करत नाही, सही करतं. मनुबाईनं अंगठा दिला. माझा अर्ज परत येत नाही म्हणून मी सांगितलंच. हाही आला नाही.

"आणि हे वाचायचं मुख्य गायिकेच्या स्वतःच्या आवाजात," भाऊसो म्हणाले.

मी मनुबाईकडे बघितलं. मनुबाईनं भिंतीकडे बघितलं. तिथं हलगी नव्हती, लाळ्या-खुरकताचं जुनं पोस्टर होतं.

"भाऊसो," मी म्हटलं, "या नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. उखाण्यात घेतलं तर चालंल का?"

भाऊसोंनी परिपत्रक पुढून मागे आणि मागून पुढे चाळलं. "उखाण्याची तरतूद दिसत नाही, ताई."

पुन्हा मिरज. पुन्हा भोपळे. मनुबाई माईकसमोर बसली, डोक्यावरून पदर घेतला, कपाळापर्यंत ओढला. दोनदा तोंड उघडून मिटलं.

"आवं चाचा, तुमी जरा त्वांड तिकडं करा."

चाचांनी केलं. आम्ही उरलेल्या दहा जणींनीही केलं. सगळ्या भोपळ्यांकडे तोंड करून उभ्या.

मग तिनं म्हटलं. पहिलं अक्षर जवळजवळ ऐकूच आलं नाही, दुसरं जरा वर आलं, आणि तिसऱ्याला तिनं असं टेकवलं, जसं झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण टाकावं. केरबा. मग ज्ञानू. मग लोखंडे, माहेर सोडून घेतलेलं आडनाव. त्यानंतरचं 'यांच्याशी कोणत्याही प्रकारचा संबंध नाही' मी पाठ करून घेतलं होतं, ते तिनं वीजबिलाचा आकडा सांगावा तसं म्हणून टाकलं.

चाचा पाठमोरेच म्हणाले, "बाई, हे नऊ वेळा लावायचं?"

"नियम हाय, चाचा," मी म्हटलं.

चाळीस वेळा गेलेलं नाव नऊ वेळा परत आलं. शासनाच्या खर्चानं नव्हे, पण शासनाच्या आदेशानं.

अल्बम पेनड्राइव्हवर निघाला, फोनवरही चढला. गाणी कुणी ऐकली नाहीत. वाऱ्याचा पाळणा आणि कोरडं हवामान कोण ऐकणार? पण ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर असतात ना, दोन ट्रॉल्या मागं आणि खोलीएवढाले स्पीकर वर, त्यांच्या ड्रायव्हरांना ती सूचना सापडली. गाणं लागलं की पुढं ढकलायचं आणि पुढची सूचना लावायची. इस्लामपूरपासून कऱ्हाडपर्यंत रस्त्यानं मनुबाईचा आवाज फिरू लागला: केरबा... ज्ञानू... लोखंडे... यांच्याशी कोणत्याही प्रकारचा संबंध नाही. पोरांनी त्याला ठेका लावला. लग्नाच्या वरातीत वाजली. पाचगणीच्या बोर्डिंगमधली पोरं वर्गात शिक्षकांनी कुणाला उभं केलं की एका सुरात म्हणायला लागली. चहाच्या गाड्यावर माणसं विचारू लागली, हा केरबा कोण, आणि ह्याच्याशी संबंध नाही हे एवढं सांगायला का लागतं?

कक्षानं तातडीनं बैठक घेतली. सूचनेवर बंदी घालावी, तर ती त्यांचीच. काढून टाकावी, तर सूचनेविना अल्बम बेकायदा. शेवटी एक पुरवणी सूचना काढली, की वरील सूचनेचा वरील इसमाशी संबंध जोडू नये. ट्रॅक्टरवाल्यांनी तीही लावली.

समीनाबाईंचा फोन आला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा केरबाचं नाव तारखेच्या यादीत लागलं होतं. मी दुकानात पेढे वाटले. आता इथे गोष्ट थांबायला हवी होती.

मनुबाई दर दुसऱ्या बुधवारी नवऱ्याला भेटायला जाते. जाळीच्या या बाजूला ती, त्या बाजूला तो, दहा मिनिटं. त्यातली सहा मिनिटं दोघं म्हशीबद्दल बोलतात. त्या बुधवारी मी सोबत होते. खिडकीतल्या शिपायानं वहीवर बोट फिरवलं, मग एक कागद बाहेर काढला. माझंच अक्षर. मी लांबून ओळखलं.

"बाई, तुम्हाला भेट मिळणार नाही. भेट फक्त नातेवाइकांना. तुमचं प्रतिज्ञापत्र इथं आलंय. गायिका व कुटुंबीय, कोणत्याही प्रकारचा संबंध नाही."

"आवं, मी बायकू हाय त्यांची."

"कुणाची?"

मनुबाईनं या वेळी भिंतीकडे बघितलं नाही. "केरबा ज्ञानू लोखंडेंची," ती खणखणीत म्हणाली.

"बरोबर. त्यांच्याशीच नाही म्हणून लिहिलंय."

ती खिडकीशी उभीच राहिली. मी तिच्याकडे बघू शकले नाही. तुरुंगाबाहेरच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. स्पीकरवर ती स्वतः होती.

चार दिवसांनी समीनाबाईंनी आतून निरोप लिहून आणला. वकिलांना भेट मिळते. त्यांचा संबंध कामापुरता असतो. निरोप असा: 'म्हनावं, भिंतीपलीकडनं रोज चार-पाच खेपंला ऐकतो. सव्वीस वर्सांनी नाव घेतलंस, ते बी न्हाई म्हनाया. पर लय ग्वाड घेतलंस.'

मनुबाईनं तो मला तीनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "राजाक्का, तुमीच भरलाय अर्ज. आता उलटा भरा."

उलटा अर्ज असतो. संबंध असल्याचा दाखला, नमुना क. लग्नाची पत्रिका चालत नाही, रेशनकार्ड चालत नाही, कारण ही कागदपत्रं प्रतिज्ञापत्राच्या आधीची. त्याला लागतात गावातल्या किंवा बाहेरच्या दोन प्रतिष्ठित नागरिकांच्या सह्या, या मजकुराखाली: 'आम्ही श्री. केरबा ज्ञानू लोखंडे यांस ओळखतो.' एवढंच. पुढची तारीख एकोणीसला आहे, आणि जामिनाला घरचं माणूस उभं राहायचं तर त्याआधी हा कागद हवा. नाहीतर तारीख लागलेल्या माणसाला घर नाही असं होईल.

पहिली सही रहिमानचाचांनी केली, भोपळ्यावर कागद ठेवून. दुसरीसाठी मी आमचे माजी सरपंच लालासाहेबांकडे गेले. केरबाची हलगी त्यांच्या तिन्ही निवडणुकांत पुढं होती. गुलाल उधळायचा तो तिच्याच ठेक्यावर.

"केरबा?" लालासाहेबांनी चष्मा काढला. "कोणता केरबा?"

"आबा, आपला. हलगीवाला."

"आता बघ राजेश्वरी, गावात लय माणसं. ओळखतो म्हणजे काय, तोंडओळख. सही करण्याइतकी..."

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. केरबा... ज्ञानू... लोखंडे... त्यांनी तो घाईनं दाबला, पण 'कोणत्याही प्रकारचा संबंध नाही' पर्यंत वाजलाच.

"नातवानं लावलीय," लालासाहेब म्हणाले. "चांगला आवाज आहे बाईचा."

हेडमास्तरांनी कागद दोनदा वाचला, 'ओळखतो' या शब्दाची व्याप्ती विचारली आणि पेन्शन होईस्तोवर थांबायला सांगितलं. पतसंस्थेच्या चेअरमननी माझ्यासमोर डोळे पुसले, विषय फार गंभीर आहे म्हणाले, मुलाच्या नोकरीचं सांगितलं आणि चहा पाजला. मी एकूण एकवीस घरं फिरले. एकवीसही ठिकाणी नाव पाठ होतं. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी हाकललं नाही. सगळ्यांना वाईट वाटत होतं.

तर कागद माझ्याकडे आहे. दुसरा रकाना रिकामा आहे. तो मी भरू शकत नाही. अर्ज भरणाऱ्यानं साक्षीदार होऊ नये असं तळटीपेत आहे. अट फार मोठी नाही. गावात राहिलंच पाहिजे असं नाही, हलगी कळलीच पाहिजे असं नाही. फक्त त्या माणसाला नावानिशी ओळखत असलं पाहिजे. तुम्ही इथपर्यंत आलात म्हणजे तुम्ही ओळखता. तो काय म्हणाला, का आत गेला, त्याची बायको त्याचं नाव कसं घेते, हे लालासाहेबांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.

पेन देऊ?

नाही, घाई नाही. एकोणीसपर्यंत वेळ आहे. तुम्ही घरी विचारा, सावकाश वाचा, लिहिलंय छान म्हणा. दुसरा अर्जही मी तयार ठेवलाय, संबंध नसल्याचा, तुमच्या नावाचा. त्याला फोटो लागत नाही, सही लागत नाही. माणूस नुसतं उठून गेलं की तो आपोआप मंजूर होतो.